सर्वांत जड घर

१ मार्च, रविवार
सरकारने आमचं बेट प्लास्टिकमुक्त करायचं ठरवलं आहे. चांगलं आहे. लाँचमधून पिशव्या घेऊन कोणालाही उतरता येणार नाही, धक्क्यावर झडती होणार. समितीची प्रमुख म्हणून चिमणीला नेमलं. फारच चांगलं आहे. चिमणी आणि मी कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं एका बाकावर बसलो, एका छत्रीतून घरी आलो. तेव्हा उपप्रमुख कोण, हे विचारायची गरजच नव्हती.
आज कळलं की तूर्तास तिच्या मदतीला पोस्टमास्तरीणबाई आहेत. बेटावर येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले!
मला काही वाटलं नाही. फक्त नोंद करून ठेवते.

२ मार्च
समितीची सभा. गेले नाही, डोकं दुखत होतं. यांना पाठवलं. हे सूचनापत्रक घेऊन परत आले. अक्षर पोस्टमास्तरीणबाईंचं, म्हणून मी ते उघडलंही नाही. असल्या अक्षराने डोळ्यांना त्रास होतो. यांनाच विचारलं. सभेत यांना डुलकी लागली होती, तरी एवढं ऐकलं की दर रविवारी धक्क्यावर प्रत्येक घरातल्या प्लास्टिकचं वजन होणार, आणि महिनाअखेर पहिला नंबर येईल त्या घरातली बाई उपप्रमुख.
म्हणजे ज्याचं वजन जास्त, त्याचा नंबर पहिला. यात वाचायचं काय?

८ मार्च
आमचं दोन किलो. पोस्टमास्तरीणबाईंचं नव्वद ग्रॅम! दोन रिकामी पाकिटं आणि पेनाचं टोपण घेऊन आल्या होत्या. लाजही वाटली नाही. चिमणी काट्याकडे बघून म्हणाली, अगं बाई, एवढं? वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले तेव्हाही ती अशीच म्हणाली होती.
परत जाताना त्या दोघी एका छत्रीत. पाऊस नाही, काही नाही. उन्हाला कसली छत्री?

१२ मार्च
निश्चय: या वेळी पाच किलो. माळा उपसला. लेकीच्या लहानपणीची बादली, आंघोळीचं बदक, आणि अशी झाकणं की ज्यांचे डबे केव्हाच वारले. बदक बाजूला ठेवलं. अर्ध्या तासाने तेही गोणीत टाकलं. साठ ग्रॅम भरतं.
हे म्हणाले, घरात भिंती तरी ठेवणार ना? म्हटलं, देशसेवा आहे.

१५ मार्च
पाच किलो दोनशे! शेजारीण फार मोठ्या मनाची. तिच्या सगळ्या बाटल्या मला देऊन टाकल्या. म्हणाली, खरंच नेता? न्या हो, उद्या अजून देते. सरकारी साहेबांनी वहीत माझ्या नावापुढे लाल खूण केली. दुसऱ्या कोणाच्याच नावापुढे नाही.

१७ मार्च
बेटावरचं प्लास्टिक संपत आलं. पलीकडे लेकीला फोन केला. म्हटलं, तुमच्या इमारतीतलं जमेल तेवढं पाठव. ती म्हणाली, आई, तिकडे बंदी आहे ना? म्हटलं, म्हणून तर! ती मग म्हणाली, बाबांना फोन दे. दिला नाही.

२१ मार्च
शेवटी ऐकलं पोरीने. माल आला, रजईत शिवून. झडती घेणारा म्हणाला, आजी, रजई वाजतेय. म्हटलं, नवी आहे.

२४ मार्च, संध्याकाळ
चिमणीने दोनदा बेल वाजवली. पडद्याआडून पाहिलं, तर शेजारी पोस्टमास्तरीणबाई. उघडलं नाही. माझ्याकडे यायचं तर एकटीने यावं.

२६ मार्च
पुन्हा आल्या. पुन्हा दोघी. बहुधा हार कबूल करायची असेल. रविवारी चारचौघांत करू दे.

२९ मार्च
शेवटचं वजन अठरा किलो. मग शाळेच्या सभागृहात निकाल. मोत्यांचे डूल घालून पहिल्या रांगेत बसले. भाषण तयार होतं: चिमणीचा उल्लेख तीनदा, दुसऱ्या कोणाचा नाही.
साहेबांनी पहिला नंबर वाचला. पोस्टमास्तरीणबाई. मी उठलेच होते. उभ्याउभ्याच टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, कमी करायचं असताना एका घराने महिन्यात नऊपट करून दाखवलं. त्या घराला समिती दर रविवारी भेट देईल, सहा महिने.
चिमणी दिसली नाही. माझा पडलेला चेहरा बघवला नसता तिला. तशीच आहे ती.
घरी येऊन पत्रक उघडलं. पहिल्याच ओळीत, सर्वांत कमी. अक्षर तसं सुवाच्य आहे.
पण विचार केला तर जिंकलं कोण? सहा महिने दर रविवारी चिमणी माझ्या घरी. पोस्टमास्तरीणबाईंकडे जायचं तिला काही कारणच नाही.

५ एप्रिल
आठवडाभर घराबाहेर पडले नाही, पण आज सकाळीच दोन चांगले कप काढून ठेवले. दहाला बेल. दारात पोस्टमास्तरीणबाई, एकट्या.
मी विचारलं, चिमणी? त्या म्हणाल्या, चिमणीताईंना सरकारने दुसऱ्या बेटावर पाठवलं ना, तिकडे हीच योजना सुरू करायला. मागच्या शनिवारच्या लाँचने गेल्या. दोन वर्षं तरी तिकडेच. तुमचा निरोप घ्यायला आम्ही दोनदा आलो होतो. तुम्ही घरी नव्हता.
मी म्हटलं, हो, नव्हते.
यांना माहीत होतं. म्हणाले, मला वाटलं, तिने तुला सगळ्यात आधी सांगितलं असेल.
पोस्टमास्तरीणबाईंनी स्वयंपाकघर पाहिलं, फॉर्म भरला. चहा दिला. उपप्रमुख झाल्या, पण चेहरा एवढासा. मग हळूच म्हणाल्या, चिमणीताई शाळेत कशा होत्या हो?
सांगितलं नाही. पुढच्या रविवारी बघू म्हटलं. अजून पंचवीस आहेत. जपून पुरवावं लागेल.