भोंग्याचं पोट

३ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे पुन्हा ओकला. तीनदा! आधी पिवळं पाणी, मग नुसता फेस. पोटात कळ आली की पुढचे पाय ताणतो, छाती जमिनीला टेकवतो आणि तसाच वाकून राहतो. पोटात गुडगुड एवढी, की बाबा, माझे सासरे, त्यांच्या खोलीतून म्हणाले, "नळ उघडा राहिलाय का गं?"
महिन्यातली सहावी वेळ.
भोंगा माझ्या नवऱ्याचा कुत्रा. त्यानेच पिशवीत घालून आणला होता, इतकुसा. नवरा जाऊन चार महिने झाले. आता याला काही झालं तर – नको. लिहीत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टरीणबाईंकडे नेला. रक्त, शी, पोटाचा फोटो – सगळं ठीक. कारण त्यांनाही कळेना. उकडलेला भात आणि उकडलेली कोंबडी, बाकी काही द्यायचं नाही. कांदा तर विषच. तक्ता ठेवायला सांगितलाय – काय खाल्लं, कधी खाल्लं, त्रास कधी झाला. "आणि खरं लिहा हं! कुत्रं खोटं बोलत नाही, घरची माणसं बोलतात."
तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. बाबांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, "नोकरीत माझीसुद्धा एवढी हजेरी कुणी घेतली नव्हती."

७ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा. या वेळी रक्ताची रेघ.
दुकानात चष्म्याच्या काचा घासताना सारखं घड्याळ बघत होते. दोन काचांचे कोपरे उडाले. मालकांनी नुसत्या नव्या काचा पुढे सरकवल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार
आज बरा. शेपूटही हलवली.

१० फेब्रुवारी, मंगळवार
काल संध्याकाळी जुलाब, आज पहाटे उलटी. तक्ता नीट पाहिला. रविवार कोरा! मागच्या महिन्यातही रविवारी कधी त्रास नव्हता. म्हणजे मी घरी असले की बरा. मी नसताना काहीतरी पोटात जातंय. शेजारीण कुंपणावरून हाडं टाकत असेल असं वाटलं. विचारायला गेले.
"मी? अहो, माझ्या मांजरालाच पुरत नाही, तुमच्या हत्तीला कुठून घालू?"
तोंड लपवून परत आले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मालकांना विचारून भोंग्याला दुकानात नेलं. दिवसभर माझ्या टेबलाखाली झोपला. पोट शांत.
घरी येऊन केराचा डबा उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बाबांचं दुपारचं जेवण. सगळं! एक घास कमी नाही.
रोज त्यांचं ताट धुऊन-पुसून ठेवलेलं असायचं. मला वाटायचं, चला, यांची भूक तरी शाबूत आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
विचारलं. बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.
"घशाखाली उतरत नाही गं. रविवारी तू समोर बसतेस म्हणून कसंबसं गिळतो. तू पहाटे उठून करतेस, टाकवतही नाही. तो आनंदाने खायचा. काल तो नव्हता, म्हणून केरात गेलं."
"बाबा, कांदा असतो त्यात!"
"वेचून काढायचो मी. एकेक तुकडा."
चिडायचं होतं. जमलं नाही.
नंतर शेजारणीकडे गेले. आधी माफी मागितली, मग गळ घातली. सोमवारपासून दुपारी ती बाबांसमोर बसणार. "माझ्या बडबडीला कंटाळून तरी जेवतील!" म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
बाबा अर्धं ताट जेवले. शेजारीण स्वतः सांगायला आली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे उलटी. का? आता का?

१८ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी बाबा तक्त्यासमोर उभे होते. "माझं तर बंद झालं. मग परवा याने काय खाल्लं?"
मी भोंग्याची वाटी धुवायला घेतली.
"तू दुकानात नेतेस तो जेवणाचा डबा रोज मी घासतो, पोरी. माणसाने खाल्लेला डबा इतका लख्ख नसतो."
पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं – रविवार सोडून रोज, संध्याकाळी सहा, मागची पायरी, माझा अख्खा डबा.