हाद्नेपेक्षा हिरवं

३ जुलै
सैबेरियाच्या उत्तर टोकाला, यामालला परतले! वीस वर्षं शहरात वनस्पतिशास्त्र शिकवून पुन्हा आईच्या तंबूत. काम मनाजोगतं: तेलवाल्यांच्या अवजड गाड्यांनी आमच्या उन्हाळी तळावर पाडलेल्या चाकोऱ्या शेवाळ लावून भरून काढायच्या. एक माझी, दुसरी हाद्नेची. ही शेजारच्या तंबूतली पंचविशीची मुलगी, आईचा उजवा हात झालेली. आईने चहाचा पहिला कप तिला दिला. मी पाहुणी नाही, म्हणूनच असेल.

९ जुलै
हाद्नेची चाकोरी हिरवी होऊ लागली. माझी काळीच. लावायला जिथून शेवाळ उचललं त्या जागी आपलं काहीतरी ठेवायचं, ही आमची रीत. ती केसांची बट ठेवते, मी ओलावा मोजते. आई म्हणाली, "न्येको, जमीन ओळखीच्या हातालाच फळते. तू आता शहरवाली बाई!" हाद्ने खिदळली. मी मत्सरी आहे का? आहे.

१४ जुलै
वाईट केलं. सगळे रेनडिअरांमागे गेल्यावर हाद्नेचं शेवाळ उपटून माझ्या चाकोरीत लावलं. त्या जागी काही ठेवलं नाही. रागात जमिनीला म्हटलं, माझं हवं ते घे, पण माझी चाकोरी तिच्याहून हिरवी कर.

१५ जुलै
हिरवी! या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईने वाकून हात फिरवला. म्हणाली, "शाब्बास गं, हाद्ने!"
मी शेजारीच उभी होते.

१७ जुलै
चिखलातून चालले, वळून पाहिलं. हाद्नेची पावलं आहेत, माझी नाहीत. टुंड्रावर माणसाची खूण राहू नये, हे मीच वर्गात शिकवायचे.

१९ जुलै
कातड्यावर झोपते, खळगा पडत नाही. सकाळी कप दोनच. ओरडले. कुत्र्याने कान हलवला, बस्स.

२० जुलै
उपटलेल्या जागी केस कापून ठेवले. उशीर झाला. हात काढताच केस दिसेनात —

२१ जुलै
आईने हाद्नेला न्येको म्हणून हाक मारली. तिने ओ दिली. आई तिला सांगत होती, मला एकच लेक —
चाकोरी उपटतेय, दोन्ही हातांनी. उपटलं तिथे पुन्हा हिरवं —

पेन्सिल दाबूनही पुसट. आई चाकोरीवरून गेली. किती छान, म्हणाली, कुणी पाऊलच ठेवलं नाही असं वाटतं.
तरी तिच्याहून हिरवी. कुणाची विचारलं तर सांग, आई: माझी, न्ये