हेल्गाबाईंबरोबर आईची फुगडी

प्रिय दादा,

तू शनिवारी आईला रेगेन्सबर्गला न्यायला येतोयस हे कळल्यापासून ती माझा ओटा पुसतेय, पुसलेलाच पुन्हा. फोनवर तू म्हणालास, आईला नाचायला कसलं नेतोस, बाबांना जाऊन वर्ष नाही झालं. मी नुसतं हो-हो केलं. तुझ्यापुढे माझं नेहमी असंच होतं, म्हणून लिहितोय. मध्येच भरकटलो तर सांभाळून घे, डिप्लोमाही मध्येच सोडलाय मी.

खरं तर मी तिला नाचायला नेलंच नव्हतं. वृद्धाश्रमातलं काम आटोपून रविवारी दुपारी मी एका जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये स्विंग नाच शिकायला जातो. एका जागी बसणं मला जमत नाही आणि तिथे कुणी बसूच देत नाही. आई म्हणाली, घरात एकटी काय करू, कोपऱ्यात विणत बसेन. दादा, हा नाच न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या काळ्या पोरापोरींनी काढला. दिवसभर दुसऱ्यांची धुणीभांडी, ओझी, आणि संध्याकाळी अशी उसळी की पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. इथे तर नाझींनी या संगीतापायी पोरांना तुरुंगात टाकलं होतं. हे सगळं मी एस-बान लोकलमध्ये आईला रंगवून सांगत होतो, तर ती म्हणाली, ते असू दे, आपलं स्टेशन गेलं. गेलंच होतं.

तिथे जोड्या ठरलेल्या नसतात. शिक्षिका ओरडल्या की जोडीदार बदलायचा. एकदा एक माणूस कमी पडलं आणि सत्तरीच्या हेल्गाबाई थेट आईपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. हात धरायचे, मागे झुकायचं, समोरच्याच्या वजनावर विसंबायचं, असं शिक्षिका सांगत होत्या. आईला जर्मन कुठलं कळतंय! तिने हेल्गाबाईंचं झुकणं पाहिलं, ओढणी कमरेला बांधली, हातांची अढी घातली आणि सरळ फुगडीच धरली. मंगळागौरीची! हेल्गाबाईंचा चष्मा उडाला. 'आख् गॉट, आख् गॉट' असा देवाचा धावा करत त्या गरगरताहेत, आणि आई हसतेय. मोठ्याने. मग थांबून तिने तोंडावर हात धरला, कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. सगळेच बघत होते, टाळ्या वाजवत होते. तिने हात काढला.

तुमच्याकडे सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतात रे. ऊर्मिलावहिनी तिला जागेवर चहा आणून देते, तू पोरांना गप्प करतोस. जपताच तुम्ही, नाही म्हणत नाही. पण परत येताना ती म्हणाली, "तिकडे ह्यांची आठवणसुद्धा नीट काढता येत नाही, लगेच कुणीतरी पाणी आणतं."

तर, मुद्दा. आज सकाळी बॅग भरता भरता ती म्हणाली, "सिद्धांतला तूच सांग. मी सांगितलं तर त्याला लागेल." व्हिसा संपेपर्यंत तिला इथेच राहायचंय. तू म्हणशील, तुझा स्वतःचा तरी पाय ठरतो का कुठे? खरंय. पुढच्या महिन्यात मी हे काम सोडून लिस्बनला निघणार होतो. तिथल्या मित्राला कळवून टाकलं, येत नाही. आई आहे तोवर मी कुठेही जात नाही. तू शनिवारी ये, जेवून जा. तिची बॅग मी रिकामी करायला घेतलीय.

तुझाच,
तनय