चिडाच्या उतारावरून

ताई,

तुला जय भीम, आणि एक गंभीर तक्रार. तू पाठवलेल्या संत्र्यांच्या पेटीत वरचा थर गोड निघाला आणि खालचा आंबट. सख्ख्या भावाशी व्यापाऱ्याचा डाव? तीव्र निषेध!

परवा फोनवर ओरडलीस, "तिकडं पहाड पेटून राहिला, अन् तू काय करून राहिला? गुमान सौंसरला ये!" नाही येत. शाळेला सुट्टी लागली, वणव्यांना नाही.

अगं, चीड, म्हणजे हा इथला पाइन वृक्ष, नुसतं जळण नव्हे. संस्कृतात त्याला 'सरल' म्हणतात. इथल्या घरांची दारं त्याच्याच लाकडाची, चिकापासून टर्पेंटाइन निघतं, आणि उघड्या पहाडावर जिथं काही तगत नाही तिथं याचं बी रुजतं. मोठ्या झाडाची जाड साल बरीच आग सोसते. भडकतात ती खाली साचलेली, सुयांसारखी वाळकी पानं. म्हणून रोज सकाळी गावातल्या बायांबरोबर मी शाळेमागचा उतार झाडतो. विभक्त्या शिकवणाऱ्या मास्तरच्या हातात खराटा पाहून लोक हसतात. हसू दे. आमच्या उताराला अजून ठिणगी लागलेली नाही, आणि मी लागू देणार नाही.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? बोरगावच्या संत्र्यांच्या बागेला पाणी पुरून राहिलं ना?

आगीला मी भीत नाही, ताई. पण या धुरानं प्रेमलताला दम लागतो, आणि मला सोडून तुझी ही भावजय इथून हलत नाही. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. ये आणि तिला घेऊन जा. मला फार काळजी वाटते.

तुझा हट्टी भाऊ,
श्रावण