कंट्रोल कुणाकडे?

३ मार्च, सोमवार

आज परत कामावर. बोका म्हणाला, "सर, अजून थोडी रजा घ्या की!" घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू? हजर झालो. सही केली. हेल्मेट घट्ट वाटलं – डोकं तर तेच आहे!

बोका म्हणजे आमचा मुख्य प्रशिक्षक. हेलिकॉप्टर उडवायला माझ्याच हाताखाली शिकला. तेव्हा डबा कुणाचाही असो, हा चाटूनपुसून साफ करायचा. आता साहेब झालाय आणि मलाच रजा देतो.

ही जाऊन दोन महिने होत आले. काही वाटत नाही. लेक रोज फोनवर विचारते, "बाबा, कसं वाटतंय?" काय सांगू? वाटायला हवं तिथे काही नाहीच. भूल दिलेल्या दाढेसारखं. जीभ लावून बघतो, दाढ आहे, पण माझी नाही.

५ मार्च, बुधवार

माझ्याकडे एकच विद्यार्थिनी दिली आहे. बोक्याची दया, दुसरं काय! पोरगी काटकुळी, आवाज खणखणीत. प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणते – तेलाचा दाब ठीक, दरवाजा बंद, पट्टा घट्ट. पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पोपट. हसली. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं बायको म्हणायची.

पोपट परीक्षेच्या उड्डाणात दोनदा नापास झाली आहे. तिसऱ्यांदा झाली की उडणं कायमचं बंद, कुठल्या तरी भांडारात खुर्ची. गंमत म्हणजे सिम्युलेटरमध्ये पोरगी सगळ्या तुकडीत पहिली! खऱ्या मशीनमध्ये बसली की हात लाकडाचे होतात.

सिम्युलेटर मीही पाहून आलो. थंडगार खोलीत लोखंडी पायांवर उभी असलेली पांढरी पेटी. आत शिरलं की आकाश, डोंगर, धूळ, सगळं दिसतं. पडलात, मेलात, तर पडदा लाल होतो आणि पेटी चालवणाऱ्या बाई विचारतात, "पुन्हा करायचं?"

आमच्या वेळी लाकडी खुर्ची होती. दोन गुडघ्यांमध्ये झाडूचा दांडा धरायचा, डावा हात लिव्हरवर आहे असं समजायचं, आणि मास्तर मागून खुर्ची गदागदा हलवायचे. पडलात तर पडलात! हे सांगितलं की पोरं खोखो हसतात. हसू देत.

६ मार्च, गुरुवार

गवतावर, पुरुषभर उंचीवर, एका जागी तरंगत ठेवायचं. एवढंच. पण ताटलीत गोटी ठेवून ती न घरंगळू देता उभं राहण्यासारखं ते काम आहे. पोपटने उडवायचा दांडा असा आवळला की बोटं पांढरी पडली. मशीन झिंगल्यासारखं डुलायला लागलं. मी कंट्रोल माझ्याकडे घेतला.

"हात हलकेच ठेव. धरायचं नाही, नुसतं लागू द्यायचं. मी उडवतोय तेव्हासुद्धा. दांडा काय करतो ते हाताला कळलं पाहिजे."

"हो सर. हात हलकेच, सर."

पोपट तो पोपटच.

१० मार्च, सोमवार

लेकीचा फोन. उचलला नाही.

११ मार्च, मंगळवार

आज माझ्या चेहऱ्यावरून पोपटला कळेना, मी हसतोय की नाही. मीच सांगितलं, हसतोय.

कंट्रोल देण्याघेण्याचा नवा रिवाज मला अजून अंगवळणी पडत नाही. हल्ली देणाऱ्याने म्हणायचं, "तुझा कंट्रोल." घेणाऱ्याने म्हणायचं, "माझा कंट्रोल." देणाऱ्याने पुन्हा, "तुझा कंट्रोल." मगच हात काढायचा. लग्न लागतंय जसं काही! आमच्या वेळी हेडसेटमध्ये नुसती खरखर. बोललेलं ऐकूच येत नसे. मास्तर दांडा थोडा हलवायचे – घे रे बाबा. आपण हलवला की परत, घ्या हो. बास. कितीदा विसरतो मी! पोपट मात्र शब्द मिळेपर्यंत हूं की चूं करत नाही. तिला तसंच शिकवलंय.

१२ मार्च, बुधवार

दुपारी बोका चहाला घेऊन बसला. मी म्हटलं, पोरांना खरी भीती दाखवत नाही तुम्ही, म्हणून हात लाकडाचे होतात. आम्हाला मास्तर वर असताना न सांगता इंजिन बंद करायचे. एकदम सगळं शांत! वरचा पंखा नुसत्या वाऱ्यावर फिरतो, त्याच्या जोरावर खाली यायचं आणि अलगद टेकायचं. आता ते फक्त पेटीत करतात.

बोका बशीकडे बघत म्हणाला, "सर, तुमच्या तुकडीतले किती गेले शिकतानाच?"

दोघे गेले. एकाची कंबर गेली.

"आता जात नाहीत सर."

चहा निवला होता, तसाच प्यालो. बोक्याचं बरोबर आहे. पट्टी मारून, शिव्या घालून शिकवलेलं सगळंच काही सोनं नव्हतं. तरी हेलिकॉप्टर हातात आलं की पोटात जे लकाकायचं, ते पेटीत कुठून आणणार? मला तरी हल्ली कुठे लकाकतं म्हणा.

१४ मार्च, शुक्रवार

आज वाईट झालं.

परतताना मीच उडवत होतो. मैदान समोर. उतरण्याचा शेवटचा टप्पा पोपटने करायचा, असं आधीच ठरलेलं. मी दांडा हलवून हात काढला असणार – जुनी सवय! शब्द बोललो नाही. ती शब्दांची वाट बघत राहिली. म्हणजे मशीन कुणाच्याच हातात नाही. मला वाटतंय तिच्याकडे, तिला वाटतंय माझ्याकडे. नाक खाली गेलं, एका अंगाला कललं, गवत भराभर मोठं होत गेलं.

मग कानात किंचाळी, "माझा कंट्रोल!" पोरीने सावरलं. खरंच सावरलं. आदळलो जोरात, मशीन टेकतं ती खालची एक पट्टी वाकली, पण उभे राहिलो. कुणाला ओरखडा नाही. पोपटच्या ओठातून रक्त, स्वतःच चावलेला.

बाहेर येऊन मिस्त्री मशीनभोवती फिरला आणि म्हणाला, "नशीब शिकंदर!" पोपट गवतावर मटकन बसली. मी उभा होतो. हात बघितले. कापत नव्हते.

लेकीला कळवलं नाही.

१७ मार्च, सोमवार

चौकशी. तीन जण टेबलामागे. रेकॉर्डिंग ऐकवलं – कंट्रोल दिल्याचे शब्द नाहीतच. त्यांचा रोख पोपटवर होता. आधीच दोनदा नापास, हात आखडतात, माहीत असलेली गोष्ट. एकजण म्हणाला, "वेळेवर विचारलं का नाहीस, कंट्रोल कुणाकडे आहे?" ती म्हणाली, "चुकलं सर." मान खाली. तिथल्या तिथे तिचं संपलं असतं.

मी म्हटलं, चूक माझी. जुन्या पद्धतीने दांडा हलवला, तोंडाने बोललो नाही. ती शिकवल्याप्रमाणेच थांबली. आणि वाचवलं तिनेच.

पोपटने एकदम माझ्याकडे बघितलं.

बोका वातावरण हलकं करायला हसला, "चालायचंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!" मग एकदम चपापला. हिची आठवण झाली असणार. सॉरी सर, सॉरी सर म्हणत राहिला. अरे, असू दे. मला काही लागलं नाही. हीच तर पंचाईत आहे.

निकाल – पोपटला परीक्षेची संधी. मला तोंडी समज. पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे नवा विद्यार्थी.

१९ मार्च, बुधवार

पोपट पास! बोक्याने स्वतः परीक्षा घेतली. म्हणाला, "सर, काय जादू केलीत? हात लोण्यासारखे चालतात." काही केलं नाही मी. त्या शुक्रवारी किंचाळली, तेव्हाच सुटले तिचे हात.

सगळी तुकडी तिला खांद्यावर घेऊन नाचत होती. मी टाळ्या वाजवल्या.

२१ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी पोपट प्रशिक्षकांच्या खोलीत आली. बाकी कुणी नव्हतं. वाटलं, आभार मानायला आली असेल. दार लावून घेतलं. बसली नाही.

"सर, तुम्ही दांडा हलवला नव्हता."

मी म्हटलं, "हलवला गं. तुला कळलं नसेल."

"माझा हात त्यावर होता. हलकेच. तुम्हीच सांगितलं होतंत, तुम्ही उडवत असतानासुद्धा." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "दांडा हलला नाही सर. तुम्ही नुसते हात काढून मांडीवर ठेवलेत. मी बघितलं तुमच्याकडे. तुम्ही समोर बघत होतात."

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो.

"चौकशीत बोलले नाही. माझं उडणं जाईल म्हणून भ्याले, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी तुम्ही नव्या मुलाला घेऊन वर जाणार. म्हणून आले."

रडत होती. मी तिला ग्लासात पाणी दिलं. "जा, जेवून घे," म्हणालो.

२२ मार्च, शनिवार

पोरगी खरं बोलते. दांडा हलवला नव्हता. कंट्रोल कुणाकडेच नाही हे मला माहीत होतं. गवत वर येताना दिसत होतं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

सकाळी बोक्याच्या घरी जाऊन हेच सांगितलं. तो माझा हात धरून डॉक्टरकडे घेऊन गेला. सोडतच नव्हता.

त्या दिवशी मशीनमध्ये शेजारी कुणाची तरी मुलगी बसली आहे, हे मला आठवलंच नाही.