बत्तीस बल्बांची खोली

नागाव,
मंगळवार, २ जून १९६४

ती. दादास,

मैनाचा नमस्कार. आईचा खोकला उतारावर आहे. वाडीतल्या नारळांना पाणी मिळते आहे. ते आता कोण घालते, हे तू विचारले नाहीस.

तुझे पत्र पोचले. बंगल्याच्या खिडकीत बसवलेले थंड हवेचे यंत्र किती वीज घेते ते वीजवाल्यांना कळवायचे आहे, तरी वायरमनला विचारून ठेव, असे लिहिलेस. वायरमनची गरज नाही. साहेबांना आणलेस त्या शनिवारी दुपारी तू त्यांना घेऊन समुद्रावर गेलास आणि यंत्र रिकाम्या खोलीत चालू ठेवलेस. मी घड्याळ घेऊन तासभर मीटरसमोर बसले. दोन युनिटला थोडे कमी. साठचा बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट घेतो. हे गणित मी सातवीच्या मुलांना घालते. म्हणजे बत्तीस बल्ब लावून तू फिरायला गेला होतास, आणि गारवा खायला आत एक पाल होती. आपल्या आळीत अकरा घरांत मिळून एकोणीस बल्ब आहेत. वीजवाल्यांना हेही कळव.

तुझ्या साहेबांना इथला उन्हाळा सोसत नाही, हे समजते. मग त्यांना ऐन मे महिन्यात इथे आणण्याची तुझी हौस समजत नाही. बढती मुंबईतही मागता आली असती. आई दोन दिवस पडवीत बसून होती. "दिना येईल ना गो इकडं?" एवढेच विचारत होती. तुझ्या बंगल्यातून आपले घर एका कुंपणापलीकडे. तू आला नाहीस.

त्या शनिवारच्या संध्याकाळबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिले नाहीस. मी लिहिते. दिवेलागणीच्या सुमाराला शेजारची केसर बाळंत झाली. मूल सुखरूप होते, पण तिचे रक्त थांबेना. दवाखान्यातली नर्स, नीराबाई, टाके घालायला बसली आणि तेवढ्यात तुझे यंत्र सुरू झाले. साऱ्या आळीची वीज त्याने ओढली आणि बल्बची तार निखाऱ्यासारखी लाल होऊन राहिली. उजेड असा नाहीच.

मी तुझ्याकडे धावत आले. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून तू खोलीचे दार अर्धेच उघडलेस. म्हणालास, "साहेब आत्ताच आडवे झालेत, मैने. अर्धा तास कंदिलावर भागवा."

केसरपाशी अर्धा तास नव्हता.

मग तुझ्या बंगल्यातली वीज गेली आणि आळीतले दिवे उजळले. नीराबाईने टाके घातले. केसर वाचली. मुलगी आहे.

सकाळी मीटरजवळची फ्यूज जागेवर नाही, हे तुला दिसले. तू काळूरामकाकांना साहेबांसमोर उभे केलेस. ज्यांनी बाबांच्या मागे नऊ वर्षे आपली वाडी राखली, ज्यांच्या पाठीवर बसून तू पोहायला शिकलास, त्यांना तू चोर म्हणालास आणि हाकलून दिलेस. साहेबांनी मान हलवली, तेव्हा तुझ्या तोंडावर जे समाधान आले ते मी पाहिले. शाळेत मॉनिटर केलेल्या पोराच्या तोंडावर असते तसे.

पाहिले, कारण मी तिथेच होते. आईला औषध द्यायचे निमित्त करून निघून गेले.

फ्यूज मी काढली, दादा. मागच्या दाराने आले, हाताला कोरडा पदर गुंडाळला आणि ओढली. विहिरीत टाकली. त्याची मला लाज नाही. लाज दुसऱ्या सकाळची आहे. तुझ्यापुढे माझी जीभ लहानपणापासून उचलत नाही. तुला मी या पत्रात बरेच बोलले, पण त्या सकाळी आपण दोघे सारखेच होतो.

काका आता उरणला जावयाकडे असतात. साठीच्या वयात मिठागरात मिठाच्या पाट्या वाहतात. परवा रेवसहून लाँचने जाऊन त्यांना भेटले. सगळे सांगितले. ते पाय धूत होते. म्हणाले, "मना ठावं व्हता, ताई. मी पाह्यला तुमाला."

"मग बोलला का नाही?"

"तुमची नोकरी शालेतली. आन् ती पोर वाचली न्हाय का? मंग झाला."

मी त्यांना परत चला म्हटले. ते नाही म्हणाले. "दिना बोलवील तवा बघू," म्हणाले. तुला अजून दिनाच म्हणतात.

तू उरणला जावेस, हे मी लिहिणार होते. पण मिठागरात तुला बूट काढावे लागतील, आणि तेवढे तुझ्याने होणार नाही. नारळांना पाणी मी घालते. तुझ्यासाठी नव्हे, झाडे बाबांची आहेत म्हणून. तू दुसरा माणूस पाठवू नकोस.

अलिबागला पोलिसांत तू काकांच्या नावाने तक्रार दिली आहेस, असे कळले. ती बदलायला हे पत्र दाखव. उपयोगी पडावे म्हणून सही हजेरीपटावर करते तशी पूर्ण केली आहे. एक नक्कल मी उद्या स्वतः तिथे नेऊन देत आहे.

फ्यूज काढणारी,
मैना हसुराम म्हात्रे
शिक्षिका, प्राथमिक शाळा