बोगनवेलीची नळी काढली आहे

दिएप,

मी सादेकला तुझ्या आत्याकडे जातोय, उद्या येईन. मडक्यात मासा आहे, गरम करून खा.

तुझं पाणी घालायचं यंत्र मिरच्यांना आणि पुदिन्याला राहू दे. बोगनवेलीच्या कुंडीतली नळी मात्र मी काढली आहे. तुझ्या सेन्सरला माती कोरडी आहे एवढं कळतं, ती मुद्दाम कोरडी ठेवली आहे हे कळत नाही. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाआधी तुझी आई त्या वेलीला पानं लोंबेपर्यंत तहानलेली ठेवायची, तेव्हा कुठे फुलं यायची. मी तेच करत होतो, आणि तुझं यंत्र माझ्या पाठीमागे तिचे लाड पुरवत होतं.

आता पानं माना टाकतील. उगाच कळवळून तांब्याभर पाणी ओतू नकोस. यंदा आईच्या फोटोपुढे विकतची फुलं ठेवायची नाहीत.

बाबा